कापसाच्या धुक्यात भिकुअक्का

भिकुबाई ही माझी थोरली नणंद. माझी व तिची ओळख १९३१ साली, माझ्या लग्नाच्या चौथ्या दिवशी झाली. ओळख झाली असे मी लिहिले, परंतु ते पूर्ण खरे नाही. त्या दिवशी मी तिला केवळ पाहिले, आणि पाहिले हे म्हणणेही कितपत खरे आहे ते पुढे येईलच. मी वयाच्या साठाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात लिहावयास शिकले. तिच्याविषयी लिहू शकेल असे दुसरे कोणी आता राहिलेले नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आले आहे.

आमचे गाव शिंदखेड्यापासून दोन कोसांवर. त्या चौथ्या दिवशी गावातील बाया नवी सून पाहण्यासाठी जमल्या होत्या. प्रत्येकीने माझा पदर वर केला, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवले आणि आपापले मत दिले. एक म्हणाली, "रंग उजळ शे." दुसरी म्हणाली, "नाक जरासं बसेल शे, पन चाली जाई." मी पाटावर बसून माझ्या नाकाविषयीचे हे बोलणे ऐकत होते. तेव्हा समोर गोठ्याच्या दारात एक बाई उभी असलेली मला दिसली. तिने पदर बोटांच्या टोकांपर्यंत ओढून घेतला होता. ती पुढे आली नाही आणि तिला कोणी बोलावलेही नाही.

बाया गेल्यावर मी सासूबाईंना विचारले. त्या चुलीकडे पाहत म्हणाल्या, "ती मनी अंडेर, भिकु. तिले अक्का म्हन. पन तिना हातनं पानी पेवू नको."

अंडेर म्हणजे मुलगी. स्वतःच्या मुलीविषयी असे सांगताना सासूबाईंचा आवाज बदलला नाही. वर्षानुवर्षे सांगून ते वाक्य गुळगुळीत झाले होते.

अक्काच्या ओठांभोवती, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत आणि पायांवर पांढरे डाग होते. गावात त्याला महारोग म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिने धुणे धुतलेल्या दगडावर दुसरी बाई पाणी ओतल्याशिवाय कपडे टेकवीत नसे. तिचे ताट वेगळे होते. ते चुकून इतर ताटांत मिसळू नये म्हणून त्याच्या काठावर खिळ्याने तीन टिंबे पाडलेली होती. ती झोपत असे गोठ्याच्या ओसरीवर. शेतात कापूस वेचताना तिला शेवटची ओळ मिळे, आणि तिने वेचलेला कापूस मात्र सर्वांच्या कापसातच मिसळला जाई. या विसंगतीकडे त्या वेळी माझे लक्ष गेले नाही.

तिचे लग्न बाराव्या वर्षी शिरपूरकडे झाले होते. एकोणिसाव्या वर्षी खालच्या ओठाखाली तांदळाएवढा पांढरा ठिपका उठला. वर्षभरात तो हातांवर आला. सासरच्यांनी ती माहेरपणाला चालली असे सांगून तिला बैलगाडीत बसवले, तापीच्या अलीकडच्या काठावर उतरवले आणि गाडी परत वळवली. हे तिने मला एकदा कापूस वेचताना सांगितले. सांगण्यात तक्रार नव्हती. माणूस स्वप्न सांगतो तशी ती सांगत होती. सकाळची वेळ होती म्हणाली, नदीवर धुके होते, पाणी कोठे संपते आणि आभाळ कोठे लागते ते कळत नव्हते, परत जाणारे बैलही पांढरेच होते, सगळेच पांढरे.

"बठ्ठं पांढरं व्हतं, वहिनी," ती म्हणाली. "मले वाटनं, मी बी त्यामा मिळी जासू."

पण ती मिळून गेली नाही. दुपारपर्यंत वाळूत बसली आणि मग चालत माहेरी आली.

अक्काला स्वप्ने फार पडत, आणि ती सकाळी शेण काढता काढता मोठ्याने सांगत असे. ऐकावयास वासरे असत. मी परसात भांडी घाशीत असले म्हणजे मलाही ऐकू येई. एका सकाळी ती वासराला म्हणाली, "आज मना हात एकच रंगना व्हतात रे. पन कोन्ता रंगना ते याद नही." मग स्वतःशीच बराच वेळ हसली. तिचे हसणे मला आवडत असे. तथापि मी कधी गोठ्यात जाऊन तिच्याजवळ बसले नाही.

आता मला माझ्या हातून घडलेली गोष्ट लिहिली पाहिजे. १९३३ साली मला पहिले दिवस गेले. अक्काने तिच्या दोन जुन्या लुगड्यांची एक लहान गोधडी शिवली. टाके इतके बारीक होते की उलट व सुलट बाजू ओळखू येत नसे. तिने ती माझ्या हातात दिली नाही. तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली आणि दूर जाऊन उभी राहिली. मी ती उचलली, "छान आहे" असे म्हटले आणि आत नेली. परंतु बाळाच्या अंगावर तिचा हात लागलेले कापड घालण्याची माझी छाती झाली नाही. टाकून देणेही बरे दिसेना. मार्गशीर्षात थंडी पडली तेव्हा मी ती गड्याकडून आजारी बैलाच्या पाठीवर टाकविली.

तो बैल अक्काच्याच गोठ्यात बांधलेला असतो, हे माझ्या ध्यानात राहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी धारेचे भांडे घेण्यास गेले, तेव्हा ती त्या बैलाच्या पाठीवरची गोधडी सारखी करीत होती. मी दारातच थांबले. तिने मान वर केली नाही.

"बरं करं तू, वहिनी," ती म्हणाली. "बैलले बी हिव वाजस."

ते वाक्य टोमण्याचे होते की खरेच बैलाविषयी होते, हे मी आजपर्यंत ठरवू शकलेले नाही.

१९३५ साली दिवाळीनंतर शेजारची बेबाबाई जळगावला जीनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, कामास निघाली. ती विधवा होती व दरवर्षी जात असे. अक्का तिला म्हणाली, मलाही ने. बेबाबाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाली, "चाल. तठे हात चालना पाहिजे, रंग कोनी इचारत नही."

सासूबाईंनी चार भाकरी व कांद्याची चटणी फडक्यात बांधून दिली. माझे पती भाईदास तिला शिंदखेड्याच्या स्टेशनावर सोडून आले. त्यांचे नाव मी तोंडाने कधी घेतले नाही, लिहिताना प्रथमच घेत आहे. ती गेल्यावर मी गोठ्याची ओसरी दोन वेळा शेणाने सारवली. मला हलके वाटले, हेही मी लपवून ठेवू इच्छित नाही.

ती दोन पावसाळे परत आली नाही. जीन बंद असे त्या महिन्यांत ती बेबाबाईच्या खोलीत राही आणि सरकीच्या वखारीत काम करी. बेबाबाई सणाला गावी येई तेव्हा "बरी शे" एवढा निरोप मिळे.

१९३८ च्या माघात सासूबाईंनी अंथरूण धरले. त्यांचे डोळेही अधू झाले होते. त्या दिवसभर "भिकु ऊनी का?", भिकु आली का, एवढेच विचारीत. भाईदास मला म्हणाले, "बायांच्या शेडात मला जाता येणार नाही. तू चल." मी मूल जावेपाशी ठेवले आणि आम्ही सकाळच्या गाडीने जळगावास गेलो. सासूबाई किती दिवसांच्या सोबती आहेत हे दिसतच होते. अक्का येईल की नाही, हीच माझी गाडीतली काळजी होती. तिने येऊ नये याला कारण पुरेसे होते, आणि त्यातले एक मी स्वतः दिलेले होते.

जीनच्या फाटकाशी रखवालदार होता. त्याने विचारले, "कोणाला भेटायचे?"

"भिकुबाईला. शिंदखेड्याकडची."

"शिंदखेड्याकडच्या दहा आहेत. दिसते कशी?"

मी म्हणाले, "हातावर, तोंडावर पांढरे डाग आहेत."

तो माझ्याकडे पाहून हसला. "जा बाई आत," तो म्हणाला. "आत सगळ्यांनाच आहेत."

त्याच्या म्हणण्याचा अर्थ मला शेडाच्या दारात कळला. एवढा कापूस मी एका ठिकाणी कधी पाहिला नव्हता. पलीकडे यंत्रे चालू होती आणि त्यांच्या आवाजाने जमीन पायाखाली थरथरत होती. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काठ्या तिरप्या आत आल्या होत्या आणि त्या उन्हात रुईचे तंतू तरंगत होते. ते खाली पडत नव्हते, वरही जात नव्हते. जणू त्या जागेतला वाराच पांढरा होता. कापसाच्या ढिगांच्या पायथ्याशी चाळीस-पन्नास बाया ओळीने बसून पाने, काड्या आणि कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेचून काढीत होत्या. त्या सर्व पांढऱ्या होत्या. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. गालांवर रुई, ओठांवर रुई, कोपरापर्यंत हात रुईने माखलेले. तरुण कोण व म्हातारी कोण हे समजत नव्हते. मला क्षणभर वाटले की मी जागी नाही, गाडीतच डोळा लागला आहे.

मी ओळीतून चालत गेले. डाग शोधू लागले. ते सर्वांनाच होते, म्हणून कोणालाच नव्हते. ओळीच्या टोकाला पोहोचले, परत फिरले, पुन्हा एकेकीकडे पाहत आले. तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. अक्काचे नाक कसे आहे, हे मला माहीत नव्हते. डोळे मोठे की लहान, कपाळ अरुंद की रुंद, हे मला सांगता आले नसते. चार वर्षे एका घरात राहून मी तिचा पदर पाहिला होता, तिचे हात पाहिले होते आणि ओठांखालचा डाग पाहिला होता. त्या डागांपलीकडे मी कधी गेलेच नव्हते. डाग झाकले गेले तशी अक्काच माझ्या दृष्टीने नाहीशी झाली.

शेवटी अंगलटीवरून अंदाज करून मी एकीच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाले, "अक्का."

तिने वळून पाहिले. ती सतरा-अठरा वर्षांची मुलगी होती. "मी अक्का?" ती म्हणाली. "मनं ते लगीन बी नही व्हयनं आजून."

बाया हसू लागल्या. त्यांतली एक ओरडली, "बाई, आठे बठ्ठ्याच अक्का शेतस. कोन्ती लई जाशी ते सांग, गाडी भरी दिऊत."

त्या हसण्यात एक हसणे ओळखीचे होते. वासरांशी बोलताना ऐकू येत असे ते. मी आवाजाच्या दिशेने पाहिले. माझ्या पायांपासून दोन हातांवर एक बाई मांडीवर कापूस घेऊन बसली होती व माझ्याकडेच पाहत होती.

"दोनदाव मना समोरथून गयी तू, वहिनी," ती म्हणाली.

तेव्हा मी तिला पाहिले. तिच्या भुवया माझ्या पतीसारख्या, मध्ये जवळजवळ जुळलेल्या होत्या. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित बारीक होता, त्यामुळे ती गंभीर असतानाही काही गंमत मनात धरून असल्यासारखी दिसे. कपाळावर लहानपणीच्या पडण्याची खूण होती. हे सर्व इतकी वर्षे आमच्या घरातच होते.

मी तेथेच खाली बसले. सासूबाईंविषयी सांगितले. ती ऐकत राहिली आणि हाताने कापूस वेचत राहिली. इतक्यात जेवणाची सुटी झाली. बायांनी फडकी सोडली. मघाची मुलगी अक्काच्या शेजारी टेकली, तिच्या भाकरीवरचा ठेचा स्वतःच्या भाकरीवर ओढून घेतला आणि बोटे चाटली. मी ते पाहतच राहिले. पलीकडे बसलेल्या बेबाबाईच्या ते लक्षात आले असावे.

"काय देखस इतलं?" ती मला म्हणाली. "दोन वरीस व्हयनात. टोचाले डाक्टर ऊना व्हता, त्यानी हिना हात देखात. म्हने हाऊ महारोग नही, कोड शे. रंग गया तितलाच. कोनले लागत नही."

मी अक्काला म्हणाले, "मग घरी का कळवले नाहीस? आम्हाला कळले असते तर..."

"डाक्टरनं तुम्ही मानतात," अक्का म्हणाली. "दुखत नही, खाजत नही, वासरूले लागनं नही, हाई मी बारा वरीस सांगं. ते कोनी ऐकं?"

ती रागाने बोलली नाही. तिने एक लहान कवडी कापसातून काढली, बाजूला टाकली आणि उठून लुगडे झटकले. आजूबाजूला पांढरा धूर उडाला आणि तो हळूहळू तिच्याच अंगावर परत बसला.

ती त्याच दिवशी आमच्याबरोबर निघाली. दिवस कलता कलता घरी पोहोचलो. तिने हातपाय धुतले नव्हते, सरळ आईच्या उशाशी गेली. सासूबाईंनी तिचा हात चाचपून हाती घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि अंगठ्याने घासू लागल्या. घासता घासता थांबल्या.

"हाई रुई शे का ते शे?" त्यांनी विचारले.

"थोडी रुई शे, माय," अक्का म्हणाली. "थोडी मी शे."

सासूबाईंनी तो हात सोडला नाही. काही वेळाने त्यांनी पाणी मागितले. मी तांब्या घेऊन पुढे झाले, तर त्यांनी मान हलवली. अक्काने पाजले. नवव्या दिवशी सासूबाई गेल्या, तोपर्यंत त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हातचे पाणी घेतले नाही.

त्या श्रावणात कानबाईचा, म्हणजे आमच्या खानदेशातील देवीचा, सण प्रथमच माझ्याकडे आला. आमच्याकडे कानबाई बसते तेव्हा रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, गहू मोजून घेतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. बाईच्या नावाची वेगळी मूठ नसते, ती नवऱ्याच्या मुठीत धरली जाते. लेक लग्न होऊन गेली की माहेरच्या रोटात तिचा वाटा राहत नाही. अक्काच्या नवऱ्याने दुसरी बायको करून पुष्कळ वर्षे झाली होती. म्हणजे ती त्याच्या मुठीत नव्हती आणि आमच्याही नव्हती. मी सर्वांच्या मुठी मोजून झाल्यावर सव्वा मूठ आणखी घेतली आणि भाऊबंदांच्या देखत म्हणाले, "ही भिकुअक्काची."

नथ्थू आबा आमच्या भाऊबंदकीत वडीलधारे. ते भिंतीला टेकून बसले होते, ते सरळ झाले. "लेकना नावनी मूठ कव्हय व्हस का?" ते म्हणाले. "आनि तीबी आशी लेक."

माझे पती सहसा वडीलधाऱ्यांसमोर बोलत नसत. त्या दिवशी ते इतकेच म्हणाले, "आबा, तुमले नको व्हई ते नका खावू. गहू आमना शेतस."

आबा उठून गेले. पुढील तीन वर्षे त्यांच्या घरचे आमचे रोट खावयास आले नाहीत. अक्का हे सर्व गोठ्याच्या दारातून ऐकत होती. रोट झाल्यावर मी तिला पंगतीत बसविले. तिने तुकडा मोडला, खिरीत बुडविला, खाल्ला आणि खीर पातळ झाल्याचे मला सांगितले. ती खरोखरच पातळ झाली होती.

त्यानंतर ती आमच्याकडे राहिली असे मात्र नाही. पावसाळा ती घरी काढी आणि कार्तिक लागला की फडके बांधून जळगावास जाई. मी दरवर्षी थांबण्याचा आग्रह केला. ती म्हणे, "आठे मना हात देखतस. तठे मले देखतस." गावाने तिच्या दगडावर पाणी ओतणे सोडले नव्हते, आणि माझ्या एका मुठीने ते सुटणारही नव्हते. १९४६ च्या पौषात ती ताप घेऊन घरी आली व सहा दिवसांत गेली. तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. दहाव्याला जीनमधून बेबाबाई आणि आणखी आठ बाया आल्या. त्या ओसरीवर रांगेने बसल्या होत्या. मी प्रत्येकीला पाणी दिले आणि प्रत्येकीकडे नीट पाहिले.

तिच्या आयुष्यातील इतर पुष्कळ गोष्टी मला माहीत नाहीत. त्या मी विचारल्या नाहीत. परंतु जीनमधून स्टेशनाकडे चालत होतो तेव्हाचे तिचे बोलणे मला शब्दशः आठवते. माझे पती पुढे होते. रस्त्यावर कापसाच्या गाड्यांतून गळलेली बोंडे पडली होती आणि दुपारचे ऊन त्यांवर होते. मी धीर करून तिला म्हणाले, "अक्का, घरी आमच्यात राहशील ना? मनात राग असेल तर मला सांग. काय करू ते सांग." हे बोलत असतानाही माझी नजर तिच्या हातांवर होती.

अक्का थांबली. मी वर पाहीपर्यंत ती बोलली नाही.

"राग नही, वहिनी," ती म्हणाली. "घर येस मी. पन मनासंगे बोलतांना मना तोंडकडे देखत जाय."